बालवाडीतल्या ताईने संशोधन शिकायला सुरुवात कुठून करावी?

संशोधन पद्धतीचं पुस्तक उघडलं की पहिल्याच प्रकरणात परिकल्पना, चल, नमुना निवड असे शब्द समोर येतात आणि बऱ्याच ताया तिथेच पुस्तक मिटतात. माझं म्हणणं, ते प्रकरण थोडे दिवस राहू द्या. आधी वही घ्या आणि नोंद करायला शिका. रोज मुलांच्या सोबत असलेल्या माणसाला जे दिसतं ते बाहेरून येणाऱ्या अभ्यासकाला सहजी दिसत नाही, पण ते कागदावर नीट उतरलं तरच उपयोगाचं.

वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे फक्त डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं ते. उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते. समजा, "क आज हट्टीपणा करत होती" असं लिहिलं. हे उजवीकडचं वाक्य आहे. डावीकडे असं येईल: "९.४०, ठोकळ्यांचा कोपरा. ख निळा ठोकळा उचलतो. क म्हणते, 'माझा.' दोन्ही हातांनी ओढते. ख सोडतो. क ठोकळा मनोऱ्यावर ठेवते, मग दुसरा निळा शोधून ख ला देते." शेवटची ओळ पाहा. 'हट्टी' एवढंच लिहिलं असतं तर ती कायमची हरवली असती. या सवयीला वेळ लागतो, लागू द्या. बाकीच्या पद्धती याच पायावर उभ्या राहतात.

मग प्रश्न. "मुलं आवरायला का कंटाळतात?" हा प्रश्न फार मोठा आहे, तो मोजता येत नाही. "आवरायची पाच मिनिटं आधी सूचना दिली, तर पहिलं खेळणं जागेवर जायला लागणारा वेळ कमी होतो का?" हा घड्याळ घेऊन तपासता येतो. आधी काही दिवस काहीच न बदलता वेळ लिहा, मग सूचना सुरू करा आणि तसाच वेळ लिहा. पहिला टप्पा गाळायचा मोह होतो, पण तो गाळला तर तुलना कशाशी करणार? योजना, कृती, परिणामाची तपासणी आणि त्यावरून पुढची योजना, हे चक्र मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ साली मांडलं. आपण त्याला कृतिसंशोधन म्हणतो.

कधी नोंदवायचं, हे प्रश्नावर ठरतं. भांडणासारखी गोष्ट अधूनमधून घडते, म्हणून ती घडली की लिहायची. हेलन डॉ (Helen Dawe) या अभ्यासिकेने १९३४ साली बालवाडीतल्या मुलांच्या दोनशे भांडणांचा अभ्यास अशाच पद्धतीने प्रसिद्ध केला. मूल एकटं खेळतं की इतरांसोबत, हे मात्र सतत चालू असतं. तिथे वेळ ठरवून पाहावं लागतं. मिल्ड्रेड पार्टेन या अभ्यासिकेने एकेका मुलाकडे एकेक मिनिट पाहून १९३२ साली मुलांच्या सहभागाचे सहा प्रकार मांडले. एकट्याने खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मिळून खेळणं हे त्यांतलेच. एकेक मिनिट! वर्ग सांभाळतानाही एवढं जमतं. फक्त मुलांची यादी आधी करा आणि त्याच क्रमाने जा, नाहीतर नजर गडबड करणाऱ्यांकडेच जाते आणि शांत मुलं वहीत येतच नाहीत.

आपली नोंद कितपत भरवशाची, हे तपासायला दुसऱ्या ताईला सोबत घ्या. दोघींनी एकाच वेळी, एकमेकींची वही न बघता लिहायचं. वीस नोंदींपैकी सतरा जुळल्या तर ८५ टक्के. बाराच जुळल्या, तर 'मिळून खेळणं' म्हणजे नेमकं काय हे दोघींनी पुन्हा बसून ठरवायचं.

पालकांची लेखी संमती सुरुवातीलाच घ्या आणि वहीत नावांऐवजी अक्षरं वापरा. मुलालाही त्याला समजेल अशा शब्दांत सांगा. ते वहीवर हात ठेवत असेल, पाठ फिरवत असेल, तर तो नकार आहे. त्या दिवशी त्याची नोंद थांबवा.

एवढं हाताखालून गेलं की आता ते राहिलेलं प्रकरण उघडा. नमुना निवड, म्हणजे कोणती आणि किती मुलं पाहायची हे ठरवणं, का लागते, हे एव्हाना तुम्हाला खुपायला लागलेलं असेल, कारण तुमची सगळी नोंद एकाच वर्गाची आहे. म्हणून निष्कर्ष लिहिताना "मुलं अशी वागतात" असं नको, "या वर्गात, या काळात असं दिसलं" एवढंच लिहा. मग तोच प्रश्न आणि त्याच व्याख्या दुसऱ्या वर्गाच्या ताईला द्या, तिच्याकडे काय दिसतं ते बघा.