ईस्टरची बातमी सांगताना

आमच्या मंडळीत मी एकवीस वर्षं शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, घेते. ईस्टर जवळ आला की नव्या शिक्षिका विचारतात, "बाई, पुनरुत्थान सांगायचं कसं?" मी सांगते तसं इथे लिहिते.

सुरुवात शुक्रवारपासून करा, येशू क्रुसावर मेला त्या दिवसापासून. एकदम "प्रभू उठला" म्हटलं की ऐकणाऱ्याला त्यात नवल वाटत नाही. तो खरोखर मेला होता, हे आधी मनात उतरू द्या. अरिमथाईच्या योसेफाने देह मागून घेतला, तागाच्या कापडात गुंडाळला, खडकातल्या कबरेत ठेवला आणि दाराशी धोंड लोटली. मग शनिवार, शब्बाथ, यहुद्यांचा विसाव्याचा दिवस. कुणाला काही करता येत नाही. इथे जरा थांबा.

रविवारी पहाटे बाया निघाल्या त्या मेलेल्या माणसासाठी सुगंधी द्रव्यं घेऊन. वाटेत एकच काळजी: धोंड कोण लोटणार? मार्काच्या शुभवर्तमानातलं हे वाक्य कधीच गाळू नका. दुःखाच्या घरी बाया अशाच बोलतात, पाणी कोण आणेल, चहाचं कोण बघेल. ऐकणारी तिथे त्यांच्याबरोबर चालायला लागते.

मुलांसाठी मी एक पांढरी ओढणी आणि एक हातरुमाल नेते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायात आहे की तागाची वस्त्रं पडलेली होती आणि डोक्याचा रुमाल वेगळा, एका बाजूला गुंडाळलेला होता. ओढणी टेबलावर तशीच सोडते, रुमाल नीट गुंडाळून बाजूला ठेवते आणि विचारते, "चोर असता तर?" मागे एक दुसरीतला मुलगा म्हणाला, "बाई, त्याला घाई नव्हती." त्याहून चांगलं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

त्याच अध्यायात येशूची शिष्या मरीया मग्दालीया कबरेबाहेर रडते आहे. येशू समोर उभा आहे आणि ती त्याला माळी समजते. इथे आवाज खाली आणा. तो फक्त "मरीये" म्हणतो. ती वळते, "रब्बूनी!" म्हणजे "गुरुजी!" म्हणते. हे वाचून झाल्यावर लगेच समजावून सांगू नका. वर्गात थोडा वेळ शांतता राहिली तर राहू द्या.

आता ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलं आहे, त्यांच्याबद्दल. तरुणपणी मी एका आईला मुलाच्या मातीच्या दिवशीच म्हणाले, "रडू नका, तो प्रभूजवळ आहे." तिने तोंड फिरवलं. बरोबरच केलं तिने. मेलेल्या मित्राला, लाजराला, उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला, आणि मरीया मग्दालीयेलाही त्याने आधी "का रडतेस?" असंच विचारलं. म्हणून आधी विचारा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याच्याबद्दल ऐका. शास्त्रवचन नंतर, तेही त्यांनी मागितलं तर. शेजारी दुसऱ्या धर्माचे असतील तर त्यांना पटवत बसू नका. "तुम्ही ईस्टर का पाळता" असं त्यांनी विचारलं, तर तुमच्या आयुष्यात या बातमीने काय झालं ते सांगा.

कुणी विश्वास ठेवला नाही म्हणून नाराज होऊ नका. लूक लिहितो, त्या बायांचं बोलणं प्रेषितांना वायफळ बडबड वाटलं. थोमा नावाचा शिष्य तर, स्वतः पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणून, आठ दिवस अडून राहिला, आणि प्रभू त्याच्यासाठी पुन्हा आला. त्याला भूत समजून शिष्य भ्यायले तेव्हा त्यांच्यासमोर त्याने भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. मुलांना हे फार आवडतं, भुताला भूक लागत नाही हे त्यांना लगेच कळतं.

त्या आईकडे मी पुढच्या ईस्टरला परत गेले, पहाटेच्या उपासनेनंतर. काही बोलले नाही, चहा केला. तिनेच मुलाचा फोटो खाली काढला, पदराने पुसला आणि म्हणाली, "ते मरीयेचं वाच ना." मी वाचलं. "मरीये" पर्यंत आले तेव्हा तिने माझ्याबरोबर तिच्या मुलाचं नाव घेतलं.