आधी नजरअंदाज, मग आकडेमोड: प्रवेश परीक्षेतल्या संख्यात्मक आणि वैज्ञानिक प्रश्नांचा सराव कसा करावा

दहा क्विंटल सोयाबीन आहे. ओलावा 18 टक्के. वाळवून तो 12 टक्क्यांवर आणला, तर वजन किती भरेल?

आमच्या गावच्या अभ्यासिकेत हा प्रश्न फळ्यावर लिहिला की अर्ध्या मिनिटात उत्तर येतं, 940 किलो. "सर, अठरातून बारा गेले, सहा टक्के. हजारातून साठ. मंग नऊशे चाळीसच होतीन नं?" सरळ हिशेब आहे, आणि चुकलेला आहे.

वाळवताना पाणी उडतं, दाणा उडत नाही. 1000 किलोत 180 किलो पाणी आणि 820 किलो कोरडा माल. हे 820 किलो शेवटपर्यंत तेवढेच राहणार. वाळल्यावर ओलावा 12 टक्के म्हणजे कोरडा माल 88 टक्के, मग एकूण वजन 820 भागिले 0.88, म्हणजे साधारण 932 किलो. 18 टक्के होते ते ओल्या ढिगाचे, 12 टक्के आहेत ते वाळलेल्या ढिगाचे. दोन वेगळ्या ढिगांचे टक्के एकमेकांतून वजा केले, तिथेच गाडी रुतली.

या प्रश्नाला आठवीच्या पुढचं गणित लागत नाही. विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांमधले संख्यात्मक आणि वैज्ञानिक तर्काचे बरेचसे प्रश्न असेच असतात. आपली पोरं मात्र सूत्रांच्या वह्या भरत बसतात.

परीक्षा नेमकी काय मागते ते पाहा

केंद्रीय विद्यापीठांसाठीची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीयूईटी, 2022 पासून सुरू झाली. 2025 साली तिच्या प्रत्येक पेपरात 50 प्रश्न, 60 मिनिटं, बरोबर उत्तराला 5 गुण आणि चुकीला 1 गुण वजा, अशी रचना होती. पेपर मराठीसह 13 भाषांत देता येतो. त्यातल्या सामान्य चाचणीत अंकगणित, संख्यात्मक तर्क आणि विश्लेषण येतं. राज्याच्या एमएचटी-सीईटीत (अभियांत्रिकी, फार्मसी वगैरेंची प्रवेश परीक्षा) गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी 2 गुणांचे, वेळ 90 मिनिटं, आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. गणिताचा पेपर तिथे इंग्रजीतच असतो, त्यामुळे गुणोत्तर म्हणजे रेशो, चल म्हणजे व्हेरिएबल अशी शब्दांची एक यादी आत्ताच करून भिंतीला लावा. नियम बदलत राहतात, तेव्हा तुमच्या वर्षाचं माहितीपत्रक स्वतः वाचा. मित्राच्या व्हॉट्सअॅपवर विसंबू नका.

आता भागाकार करा. सीयूईटीत एका प्रश्नाला 72 सेकंद मिळतात, सीईटीच्या गणितात 108. एवढ्या वेळात लांबलचक आकडेमोड बसत नाही, म्हणून अंदाज यायला हवा.

पैसेवारीसारखा तीन टप्प्यांत प्रश्न सोडवा

पैसेवारी, म्हणजे पीक किती येईल याचा सरकारी अंदाज, काय असते हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरअखेर अंतिम. तहसीलची पैसेवारी खरी की खोटी यावर पारावर भांडणं होतात ती होवोत, पण पद्धत म्हणून ती मला फार आवडते. आधी नजरेनं, मग दुरुस्ती, मग पक्का आकडा. प्रत्येक प्रश्नाला हेच करायचं.

नजरअंदाज: पेन उचलण्याआधी दहा सेकंदांत उत्तर साधारण किती असेल ते वहीच्या कोपऱ्यात लिहा. लिहायचंच, नुसतं मनात ठेवलं तर आकडेमोड झाल्यावर आपण स्वतःलाच फसवतो. सोयाबीनचं उदाहरण घ्या. आत 180 किलो पाणी आहे. वाळल्यावर ढीग नऊशेच्या वर असेल, त्याचे 12 टक्के म्हणजे 110 किलो पाणी. 70 किलो उडालं. अंदाज 930. पर्यायांत 940, 932, 880 आणि 954 असतील तर पुढचा हिशेब करायचीही गरज उरली नाही.

सुधारित: प्रश्न पुन्हा वाचा आणि फक्त तीन गोष्टी तपासा. कशाचे टक्के? एकक कोणतं? विचारलंय काय? "खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे" यातला "चुकीचे" हा शब्द न वाचल्यामुळे मी स्वतः माझ्या वेळी सोपे गुण घालवलेत, आणि ती हळहळ अजून गेलेली नाही.

अंतिम: आता आकडेमोड. ती कोपऱ्यातल्या अंदाजाच्या आसपास आली नाही, तर दोनपैकी एक चुकलंय. कोणतं, ते शोधण्यातच खरा सराव आहे.

म्हातारी माणसं कापसाच्या ढिगाकडे बघून "बारा क्विंटल हाये, तेरा नाही होत" असं सांगतात आणि काटा साधारण तेच दाखवतो. तो जादूटोणा नव्हे. वर्षानुवर्षं आधी बोलून मग काटा पाहिल्यामुळे नजर तयार झालेली असते. महिनाभर हाच खेळ खेळा. पाण्याची टाकी, बैलगाडीतला कडबा, किराण्याचं बिल, काहीही चालेल. आधी बोला, मग मोजा.

एककं घरातूनच शिका

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये, बोलण्यात एकर आणि गुंठे, पुस्तकात चौरस मीटर. 1 हेक्टर म्हणजे 100 आर आणि 2.47 एकर. 1 एकर म्हणजे 40 गुंठे, सुमारे 4047 चौरस मीटर. गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच, फरक एका टक्क्याच्या आसपास. हे एकदा डोक्यात बसलं की क्षेत्रफळाच्या प्रश्नात बिचकायला होत नाही.

आता पाऊस. वर्तमानपत्रात "30 मिलिमीटर पाऊस" छापून येतं, पण 30 मिलिमीटर ही तर लांबी. पाण्याची लांबी कशी? एक चौरस मीटर जमिनीवर 1 मिलिमीटर पाणी साचलं तर ते 0.001 घनमीटर, म्हणजे बरोबर 1 लिटर. मग दोन एकरांवर 30 मिलिमीटर पाऊस पडला तर किती लिटर? नजरअंदाज: 4000 गुणिले 2 गुणिले 30, म्हणजे 2 लाख 40 हजार लिटर. पक्का आकडा 2,42,820. दहा हजार लिटरचे 24 टँकर एका सरीत वावरात ओतले गेले. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अभ्यासिकेतली पोरं उठून खिडकीबाहेर बघायला लागली होती.

गुणोत्तरासाठी कापूस घ्या. एक क्विंटल कापसातून जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करताना, साधारण 34 किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. एक गाठ 170 किलोची. म्हणजे पाच क्विंटलला एक गाठ. 32 क्विंटलच्या ट्रॉलीतून पूर्ण गाठी किती आणि रुई उरेल किती? तोंडी काढा: 6 गाठी, 68 किलो उरली.

भौतिकशास्त्रासाठी विहिरीवरची मोटर पुरते. 5 अश्वशक्ती म्हणजे 5 गुणिले 746, अर्थात 3730 वॅट. 20 मीटर खोलीवरून 1000 लिटर पाणी वर आणायला ऊर्जा लागते 1000 × 9.8 × 20, म्हणजे 1,96,000 ज्यूल. भागाकार केला की साधारण 53 सेकंद. रात्रीची लाईन आली की घड्याळ घेऊन विहिरीवर जा आणि ड्रम भरायला किती वेळ लागतो ते मोजून हिशेब करा. 53 सेकंदांत हजार लिटर येणार नाहीत. का? पंपाची कार्यक्षमता, पाइपातलं घर्षण, कमी व्होल्टेज. परीक्षेत "आदर्श स्थितीत" असे दोन शब्द का लिहिलेले असतात, ते इथे समजतं. (स्टार्टरला ओल्या हातानं शिवू नका, हेही भौतिकशास्त्रच.)

वैज्ञानिक तर्क: काय बदललं, काय मोजलं, काय तेच ठेवलं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण शाळेत प्रयोग वहीत उतरवून घेतात आणि प्रयोगाबद्दल वाद घालायला कुणी शिकवत नाही.

पेरणीआधी घरोघरी उगवण चाचणी होते. ओल्या गोणपाटावर 100 दाणे ठेवायचे, गुंडाळायचं, ओल टिकवायची आणि काही दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. सोयाबीनचे 70 आले तर बियाणं पेरण्याजोगं. समजा काकांनी घाईत 10 च दाणे ठेवले आणि 8 उगवले. उगवण 80 टक्के म्हणायची? दहा दाण्यांत एक दाणा इकडचा तिकडे झाला की टक्केवारी दहानं हलते, शंभरात एकानं. त्यातून ते दाणे मूठभर वरूनच उचलले की पोत्याच्या वेगवेगळ्या भागांतून घेतले, हाही प्रश्न आहेच. नमुना किती मोठा आणि कुठून घेतला, हे दोन्ही तपासायला अशा प्रश्नांत सांगितलेलं असतं.

याला जोडून एक हिशेब. 70 टक्के उगवणीला एकरी 30 किलो बियाणं लागत असेल, तर 60 टक्के उगवणीला किती? नजरअंदाज: जास्त लागणार, पण दीडपट नाही. 30 × 70 ÷ 60, म्हणजे 35 किलो. 25.7 किलो उत्तर काढणाऱ्यानं उलटा गुणाकार केला, आणि कोपऱ्यात "जास्त लागणार" लिहिलं असतं तर तो तिथेच थांबला असता.

पुढचं उदाहरण. भावानं बीजप्रक्रिया केलेलं (पेरणीआधी औषध लावलेलं) बियाणं विहिरीजवळच्या काळ्या जमिनीत पेरलं, आणि प्रक्रिया न केलेलं टेकाडाच्या बरड तुकड्यात. काळ्यातलं पीक जोमदार आलं. बीजप्रक्रियेमुळे आलं? तसं म्हणता येत नाही, कारण प्रक्रिया बदलली तशी जमीनही बदलली आणि बहुधा पाणीही. एकाच वावरात शेजारशेजारच्या ओळींत दोन्ही पेरलं असतं तर बोलता आलं असतं. प्रयोगाचा उतारा वाचताना समासात तीन शब्द लिहा: बदललं, मोजलं, स्थिर. स्थिरच्या पुढे काहीच लिहिता आलं नाही, तर पर्यायांतला "निष्कर्ष काढता येत नाही" हा पर्याय नीट पाहा.

आता फसवा प्रश्न. समजा तक्ता दाखवतो की ज्या शेतांत फवारण्या जास्त, तिथे गुलाबी बोंडअळीही जास्त. मग फवारणीनं अळी वाढते का? घाईनं "हो" म्हणू नका. अळी दिसली म्हणूनच माणसानं पंप पाठीला लावला असेल. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली असेल, किंवा तिसरंच काही, समजा उशिरापर्यंत उभा ठेवलेला कापूस, दोन्हींच्या मागे असेल. दोन गोष्टी सोबत वाढतात एवढंच तक्ता सांगतो.

आणि कूलर. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा कूलरपुढे गारवा लागतो, जुलैत 33 अंशांतही तोच कूलर अंग चिकट करतो. हवा कोरडी असली की पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. पावसाळ्यात हवेत आधीच बाष्प भरलेलं, मग उडणार कुठे? माठाचंही तेच. मुंबईच्या पाहुण्याला त्याच्या घरी मे महिन्यातसुद्धा माठातलं पाणी इथल्याइतकं गार का मिळत नाही, ते चार ओळींत लिहून काढा.

तक्ते आणि आलेख

पहिली नजर आकृतीवर नको, अक्षावर टाका. कापसाचा भाव 7000 वरून 7200 झाला आणि उभा अक्ष 6900 पासून काढला असेल, तर दुसरा खांब पहिल्याच्या तिप्पट दिसतो. वाढ मात्र तीन टक्क्यांहूनही कमी. "सरासरीच्या 102 टक्के पाऊस" हेही असंच. मधे वीस दिवसांची उघाड असली तरी एकूण बेरीज 102 भरू शकते. रोज पेपरातला एक तक्ता घ्या आणि त्यावर स्वतः तीन प्रश्न तयार करा. प्रश्न तयार करणाऱ्याला सापळे दिसायला लागतात.

वेळ लावून सराव आणि चुकांची वही

आठवड्यातून दोनदा पूर्ण 60 मिनिटांचा पेपर, कॅल्क्युलेटरशिवाय, फोन दुसऱ्या खोलीत. मागच्या वर्षांचे प्रश्न परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरून एकदा सेवा केंद्रात उतरवून छापून आणा. परीक्षा संगणकावर असते, म्हणून त्यातले काही पेपर तरी माउस धरून सोडवा. मोबाइलवर बोट फिरवायची सवय तिथे उपयोगाची नाही.

चुकीच्या उत्तराला 1 गुण जातो म्हणून हात आखडणाऱ्यांसाठी हिशेब: चार पर्यायांत डोळे झाकून मारलं तर सरासरी फायदा 5 चा पाव उणे 1 चा पाऊण, म्हणजे अर्धा गुण. एक पर्याय खात्रीनं बाद झाला तर 1 गुण, दोन झाले तर 2. म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांत कोरे प्रश्न सोडू नका, पण त्यांच्या भरवशावर बसूही नका. नजरअंदाज येत असेल तर दोन पर्याय बहुतेक वेळा बाद होतातच.

चुकांच्या वहीत चार रकाने आखा: वाचण्यात, एककात, विचारात, आकडेमोडीत. प्रत्येक चूक एकाच रकान्यात टाका. पोरं आधी सगळं शेवटच्या रकान्यात ढकलतात, "सर, सिली मिस्टेक झाली". वही दोन आठवड्यांनी पुन्हा वाचली की पहिलाच रकाना भरलेला दिसतो, आणि मग पाढे पाठ करत बसण्याऐवजी प्रश्न हळू वाचायचा सराव सुरू होतो.

हॉल तिकिटावर केंद्र आलं की शेवटचं गणित. समजा केंद्र 90 किलोमीटरवर आहे. एसटी थांबे धरून ताशी 35 किलोमीटर जाते. अडीच तासांहून जास्त, वर गावातून फाट्यापर्यंतचा अर्धा तास. सकाळची पाळी असेल तर पहिल्या गाडीनं भागत नाही. आदल्या संध्याकाळीच पोचा.