हेन्ली ते मार्लो पोहायचंय? आधी पिशवी भरा

गेल्या ऑगस्टात मी इंग्लंडात थेम्स नदीतून हेन्ली ते मार्लो पोहलो. साधारण १४ किलोमीटर, आमच्या इथल्या गावातल्या एका हॉस्पिससाठी, म्हणजे शेवटच्या आजारातल्या लोकांची सेवा करणाऱ्या संस्थेसाठी, पैसे गोळा करायचे म्हणून. पोहणं चांगलं झालं. बाहेर आल्यानंतरचा एक फोटो मात्र अजून आमच्या मंडळाच्या ग्रुपवर फिरतोय: बायकोचा कार्डिगन, त्यावर कुणाच्या तरी मुलीचा युनिकॉर्नचा टॉवेल, निळे ओठ, आणि हातातला निम्मा चहा गवतावर. यंदा तिघांनी फोन करून तयारी विचारली. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

पहिली गोष्ट पिशवी. कोरड्या कपड्यांची पिशवी शेवटच्या टोकाला, म्हणजे मार्लोला पोचली पाहिजे. हसू नका. मी सांगलीचा. पाठीला पत्र्याचा डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकलो, आयर्विन पुलावरून मुटके मारले. तिथे कपडे काढून घाटाच्या पायरीवर ठेवायचे, वर एक दगड. वाहत लांब गेलं तरी ओल्या चड्डीवर काठाकाठाने चालत परत यायचं. घाटावर येईपर्यंत अंग उन्हाने वाळलेलं असायचं. पुढे तलावात पोहलो, तिथेही जिथून उतरलो तिथूनच वर आलो. नदी एकाच दिशेला वाहते हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण कपडे माझी वाट बघत बसणार ही सवय अंगात मुरलेली. पिशवी भरलेली होती. नीट भरलेली होती. हेन्लीच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या डिकीत. आणि किल्ली माझ्या गळ्यात, वेटसूटच्या, म्हणजे गार पाण्यात घालायच्या रबरी सूटच्या, आत. नशीब गाडी जुनी, त्यामुळे किल्ली नुसती किल्ली होती. चिपवाली असती तर तीही बुडाली असती.

या पोहण्याच्या कार्यक्रमाचे आयोजक पिशव्या मार्लोला नेतात, त्यावर नंबरची चिठ्ठी लावून पोत्याच्या ढिगात टाकायची असते. मी त्या वेळी हॉस्पिसच्या टी-शर्टात फोटो काढत होतो.

आता पैशांचं. देणग्यांचं ऑनलाइन पान दोन महिने आधी उघडा आणि पहिली देणगी मोठ्या मनाच्या माणसाकडून घ्या. पाच पौंडांनी भवानी झाली की मागचे सगळे पाचच देतात. इथे कर भरणाऱ्या देणगीदारांना गिफ्ट एडच्या चौकोनात टिक करायला सांगा, दर पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून संस्थेला जास्तीचे मिळतात. माझ्या मनात आधी गावाकडची शाळा होती. २०१९च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा तिच्या वर्गांत चिखल भरला होता. पण इथल्या गोऱ्या सहकाऱ्यांचे पैसे म्हणजे परदेशी देणगी. ती घ्यायला भारतातल्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर रक्कम स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. छोट्या शाळेकडे यातलं काही नसतं. तेव्हा लोकांकडे हात पसरण्याआधी संस्थेला हे विचारा, नाहीतर पैसे जमतील आणि पाठवता यायचे नाहीत.

सराव करा हे सांगायला नको. फक्त तलावावर विसंबू नका. २५ मीटरच्या तलावात १४ किलोमीटर म्हणजे ५६० फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला भिंतीला लाथ मारून दोन-चार मीटर फुकट मिळतात. नदीला भिंत नाही. शिवाय तलावाचं पाणी २८ अंशांच्या आसपास, थेम्स ऑगस्टातही १८-२०. मे महिन्यापासूनच उघड्या पाण्यात, म्हणजे जिथे राखणदार असतो अशा तळ्यात, आठवड्यातून एकदा तरी उतरा. पहिल्या मिनिटाला छाती आवळते, श्वास भसाभस यायला लागतो. तेव्हा हात मारायचे नाहीत. उताणं तरंगायचं, श्वास ताब्यात आला की निघायचं. एकट्याने कधीच नाही. कृष्णेत वाढलोय वगैरे इथे चालत नाही, माझंही ते बोलून झालंय. आणि लंडनच्या पोटात सरावाला उतरायचं तर मनातही आणू नका: पटनी पुलापासून क्रॉसनेसपर्यंत पोर्ट ऑफ लंडन या बंदर प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय पोहता येत नाही.

वेटसूट भाड्याने मिळतो, पण दोन-तीनदा तरी घालून पोहलेला असावा. चढवताना पायात प्लास्टिकची पिशवी घाला, पाय सरकन जातो. नखं कापा, नखाने तो रबरी कपडा टरकतो. मान काचते. डोकं वर करून पुढे बघायचं, पुन्हा खाली घालायचं, असं तासन्‌तास केलं की मानेला मागून सुरीने ओढल्यासारखी लाल रेघ उमटते. तिथे पोहणाऱ्यांसाठीचं मलम लावा. व्हॅसलीन नको, त्याने सूट खराब होतो. चष्मे दोन, एक काळ्या काचांचा. भडक टोपी आणि मागे ओढायचा नारिंगी फुगा आयोजकच सक्तीचा करतात.

पिशवी भरली का? आज भरा. ओले कपडे निघाले की आधी काय लागणार, ते सगळ्यात वर. म्हणजे उलट्या क्रमाने भरायची: तळाला जाकीट, मग सैल पँट, मग स्वेटर, वर बनियन, त्यावर कानटोपी, सगळ्यात वर टॉवेल. बटणं नकोत, नाड्या नकोत, लेसचे बूट नकोत. बोटं लाकडं झालेली असतात, मला स्वतःच्या पाठीची चेनसुद्धा धरता येईना. आईने शिवलेली वाकळ असेल तर तीच न्या. महागडे पोहण्याचे कोट मिळतात, पण वाकळीची ऊब वेगळी. थर्मासात आल्याचा चहा, गोड. आणि पिशवीवर तुमचं नाव मोठ्या अक्षरात.

एवढा आटापिटा कशाला, कार्यक्रमात तंबू असतो की, असं वाटेल. असतो. चंदेरी कागदही देतात. पण अंग बाहेर आल्यावरच जास्त गार पडतं. पाण्यात हातपाय आणि कातडी गार झालेली असते, आणि बाहेर आलात तरी तो गारठा आत सरकत राहतो. पहिली पाच मिनिटं मी हसत होतो, मेडल दाखवत होतो. दहाव्या मिनिटाला दात वाजायला लागले. मित्र किल्ली घेऊन हेन्लीला गेला आणि पिशवी घेऊन आला, यात पाऊण तास गेला. त्यात कुणीतरी म्हणालं गरम शॉवर घे. घेऊ नका, चक्कर येऊन पडाल. आधी ओलं काढा, पुसा, कोरडं घाला, घोट घोट गरम प्या. हे सगळं कोरडे कपडे जवळ असतील तरच जमतं. पिशवी मार्लोला.

पाण्याचं. जोराचा पाऊस झाला की सांडपाणी नदीत सोडलं जातं, पाणी कंपनीच्या नकाशावर कुठे सुटलंय ते दिसतं. आदल्या आठवड्यात रोज बघा. डेव्हिड वॉलियम्स हा विनोदी नट २०११मध्ये देणगीसाठीच लेचलेडपासून वेस्टमिन्स्टरपर्यंत १४० मैल थेम्समध्ये पोहला, आठ दिवस, आणि वाटेत पोट बिघडून आडवा झाला होता. तोंड मिटून पोहता येत नाही, पण गिळू नका. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी. मुंबईच्या पावसात जो लेप्टो होतो तो इथेही उंदरांच्या मुतातून होतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला नदीत पोहल्याचं आपणहून सांगा, त्यांच्या डोक्यात येणार नाही.

खाणं: नेहमीचं. त्या दिवशी नवीन काही नको. खजूर उत्तम, केळं उत्तम, मीठ-साखरेचं लिंबू सरबत उत्तम. चिक्की नेऊ नका, मी नेली होती. दाढेत अडकलेली चिक्की जिभेने उकरत वाटेतल्या हर्लीपर्यंत गेलो.

रस्ता थोडक्यात. सुरुवातीला रेगाटाचा, म्हणजे होड्यांच्या शर्यतींचा, सरळ पट्टा, टेंपल आयलंडपर्यंत दोनेक किलोमीटर. तिथे सगळे पळतात, तुम्ही पळू नका. पुढे हॅम्बल्डनची पांढरी गिरणी दिसली की लॉक आलं, म्हणजे बंधाऱ्याशेजारी होड्या वर-खाली नेणारा दारांचा हौद. लॉकपाशी बाहेर निघून चालायचं आणि पलीकडे पुन्हा उतरायचं, बंधाऱ्याकडे अजिबात जायचं नाही. हॅम्बल्डन ते हर्ली हा सगळ्यात लांब टप्पा, साधारण सहा किलोमीटर, आणि रडू तिथेच येतं. मग हर्ली आणि टेंपल ही दोन लॉकं जवळजवळ. टेंपल लॉक आणि टेंपल आयलंड एक नव्हेत. निम्म्याहून जास्त नदी मधे आहे, आयलंडपाशी हुरळून जाऊ नका. प्रत्येक लॉकला खा, भूक नसली तरी. उभे राहून गप्पा मारू नका, गार पडाल.

सकाळी: संडास, मलम, टोपी, चष्मा. पिशवी ढिगात. फोटो नंतर. किल्ली मार्लोला जाणाऱ्या माणसाकडे.

शेवट: टेंपलनंतर फार नाही. बाहेर येताना पाय लटपटतात, कुणाचा तरी हात धरा. मग पिशवी.

देणगीदारांना आभाराचे मेसेज दुसऱ्या दिवशी पाठवा. मी त्याच दुपारी पाठवले, त्यात एका साहेबांना «धन्यवाद»च्या जागी नुसते सतरा «ध» गेले.