आउटबोर्ड इंजिन तापतंय? पाना हातात घेण्याआधी या चुका टाळा

नारळी पौर्णिमा झाली की किनाऱ्यावरच्या मेकॅनिकांना उसंत नसते. पावसाळाभर झाकून ठेवलेली आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगायची, इंजिनं होड्यांना लागतात आणि पहिल्या-दुसऱ्या फेरीतच कोणाचा तरी इंजिन तापल्याचा बझर वाजतो. मग ठरलेलं वाक्य कानावर येतं, "पण पाणी तर मस्त मारतंय!"

सगळ्यात जास्त इंजिनं या एका वाक्यामुळे जळतात, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिनाच्या मागून जी बारीक धार पडते, ती फक्त पंप पाणी वर चढवतोय एवढंच सांगते. ते पाणी सिलिंडरभोवती नीट फिरतंय का, हे तिला ठाऊक नसतं. बऱ्याच इंजिनांत ही धार थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाणी ठरावीक तापल्यावरच उघडणाऱ्या झडपेच्या, आधीच फुटते. त्यामुळे थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तरी धार जोरात पडत राहते आणि वर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, भाजून निघतं. उलटंही होतं. धार थांबते, मालक घाबरून पंप खोलायला लावतो, आणि निघतं काय, तर पावसाळ्यात कुंभारमाशीने त्या भोकात मातीचं घर केलेलं! धार बंद दिसली तर आधी जाड तंगूसाचा (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा) तुकडा भोकात सरकवून बघा. लोखंडी तार नको, आतलं प्लॅस्टिकचं तोंड फाटतं. आणि धारेखाली हात धरायची सवय लावा. पाणी कोमट असेल तर ठीक. वाफाळत असेल तर धार कितीही जोरात असली तरी थांबा.

कधी तापतं, ते आधी सांगा

"गरम होतं" एवढ्यावर कोणीही इंजिन खोलू नये. हळू चालवताना तापतं आणि वेग दिला की निवतं, असं असेल तर संशय इम्पेलरवर, म्हणजे पंपातल्या रबरी पात्यांच्या चाकावर, घ्या. कमी फेऱ्यांवर पाणी ढकलायचं काम पूर्णपणे त्या रबरी पात्यांवर असतं. वेग वाढला की थकलेली पातीसुद्धा पाणी भिरकावून कशीबशी वेळ मारून नेतात. याच्या उलट, हळू चालवताना ठीक आणि पूर्ण वेगात तापतं, तर पाणी कमी पडतंय: पाणी ओढायच्या जाळीत गाळ किंवा प्लॅस्टिक, आतल्या वाटांत साचलेलं मीठ, नाहीतर पाण्याऐवजी हवा ओढली जातेय. पंप, थर्मोस्टॅट सगळं बदलूनही वेगात तापतच असेल, तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे हेडखालच्या पातळ पत्र्याच्या सीलकडे, बघा. प्लग काढल्यावर बाकीचे काळपट-तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय असं धरून चाला.

बझर वाजतो पण इंजिन हाताला गरम लागत नाही, असंही होतं. अशा वेळी सेन्सर किंवा त्याची वायर खराब असू शकते. हेडवर धरायचं इन्फ्रारेड थर्मामीटर आता काही फार महाग राहिलेलं नाही, एक घेऊन ठेवा. मात्र तपासायच्या आधी बझरची वायर काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. तेवढं करू नका.

इम्पेलर: दोन मिनिटांचा निष्काळजीपणा

"चालू होतंय का बघूया" म्हणून अंगणातच इंजिन सुरू करणं ही हंगामाच्या सुरुवातीची हमखास चूक. इम्पेलरला पाणीच वंगण असतं. कोरडा फिरला की काही सेकंदांत पात्यांच्या कडा भाजायला लागतात. शिवाय पावसाळाभर एकाच जागी दुमडून राहिलेली पाती तशीच वाकडी होऊन बसतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. समुद्रात रोज चालणाऱ्या होडीचा इम्पेलर वर्षातून एकदा बदलाच, तो चांगला दिसला तरी.

बदलताना तीन गोष्टी सुटतात. जुन्या इम्पेलरचं एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा शोधा. तो वर पाण्याच्या नळीत किंवा थर्मोस्टॅटपाशी जाऊन बसलेला असतो, आणि नवा पंप लावूनही इंजिन का तापतं याचं उत्तर तोच असतो. दुसरं, खालच्या स्टीलच्या प्लेटवरून नख फिरवा. नख अडकेल इतक्या चऱ्या पडल्या असतील तर प्लेटही बदला, नाहीतर नवा इम्पेलर पाणी धरणार नाही. तिसरं, पाती आत बसवताना शाफ्ट त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवा. बहुतेक इंजिनांत वरून पाहिलं तर ती घड्याळाच्या काट्यांची दिशा असते. साबणाचं पाणी लावलं की पाती अलगद बसतात, ग्रीसची गरज नाही. आणि इम्पेलरला शाफ्टवर अडकवणारी ती छोटी चावी वाळूत पडू देऊ नका.

थर्मोस्टॅट काढून फेकणं

हा आपल्याकडचा लाडका उपाय. काढला की इंजिन तापत नाही हे खरं, पण ते कायम थंडच चालतं. टू-स्ट्रोकचे प्लग काळे होतात, फोर-स्ट्रोकमध्ये न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. गाडीच्या दुकानातला, आकाराने बसणारा थर्मोस्टॅट लावणं तर त्याहून वाईट. गाडीचा साधारण ८० अंशांच्या पुढे उघडतो, आउटबोर्डचा ५० ते ६० अंशांच्या आसपास. खारं पाणी जास्त तापलं तर क्षार भराभर आत चिकटतात, म्हणून हा आकडा मुद्दाम खाली ठेवलेला असतो.

तपासणं सोपं आहे. थर्मोस्टॅटच्या झडपेत दोरा चिमटून तो टोपातल्या पाण्यात लोंबता सोडा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर धरा आणि गॅस मंद ठेवा. झडप उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टपकन तळाला जातो. तो आकडा मॅन्युअलशी ताडून बघा. उकळी आली तरी लोंबतच राहिला, तर दुखणं सापडलं.

होडीला न शोभणारा शाफ्ट

स्वस्तात मिळालं म्हणून १५ इंची शाफ्टचं इंजिन मागच्या फळीची उंची २० इंच असलेल्या होडीला लावलं, की पाणी ओढायची जाळी लाटेगणिक उघडी पडते. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली असायला हवी. फोटोसाठी सगळ्या पर्यटकांना नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बसवलं, तर मागचा भाग उचलला जाऊन हेच होतं.

बझर वाजला तर

वेग उतरवा, न्यूट्रल करा आणि मागे बघा. धार पडत असेल आणि पाणी वाफाळत नसेल तर इंजिन लगेच बंद करू नका, थोडा वेळ तसंच हळू चालू द्या, फिरतं पाणी उष्णता बाहेर नेतं. धार नसेल किंवा वाफाळत असेल तर मात्र ताबडतोब बंद. बंद केल्याबरोबर नांगर टाका. इंजिनाकडे बघत बसलात आणि ओहोटी लागलेली असेल, तर खाडीच्या मुखातून होडी कधी बाहेर ओढली जाईल कळणार नाही. मग इंजिन उचला आणि जाळीवरची पिशवी, जाळ्याचा तुकडा काढा. तापलेल्या हेडवर गार पाणी ओतू नका, धातू वाकतो किंवा तडकतो.

गोड्या पाण्याने धुताना

कानपट्ट्या (जाळीवर दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या, नळाला जोडलेल्या रबरी वाट्या) लावून धूत असाल तर इंजिन आयडलवरच ठेवा, पंखा काढलेला बरा. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बंद करताना आधी इंजिन, मग नळ. फोर-स्ट्रोकवर पाइप जोडायची वेगळी सोय असेल, तर तिथून धुताना बहुतेक मॉडेलचं इंजिन चालू करायचं नसतं. धुऊन झालं की इंजिन उभंच ठेवा, म्हणजे आतलं पाणी निथळतं. आणि एप्रिल-मे महिन्यात विहिरीचं पाणी जिभेला लावून बघा. किनाऱ्यालगतच्या विहिरी तेव्हा मचूळ झालेल्या असतात, आणि त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ काढून मीठच भरणं.

मोटरसायकलचं टू-टी ऑइल टू-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये घालू नका. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असलं पाहिजे, आणि प्रमाण मॅन्युअलमधलं, अंदाजाचं नाही. होडीला रंग मारताना इंजिनाच्या खालच्या भागावरही हात फिरवला जातो. तिथली जाळीची भोकं आणि गंजापासून वाचवणारा झिंकचा ठोकळा या दोन्हींवर आधी चिकटपट्टी लावून घ्या.