पावसातल्या मोहिमेसाठी खजूर-दाण्याची वडी

पन्हाळा ते पावनखिंड ही वाट मी आजवर नऊ पावसाळ्यांत चालले आहे. दोन दिवस, पन्नास किलोमीटरच्या आसपास, आणि त्यातला बराचसा वेळ डोक्यावर पाऊस आणि पायाखाली चिखल. कोल्हापुरात माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे ग्रॅममध्ये मोजायची सवय हाताला लागलेली. सॅकमध्ये खायला काय घ्यायचं हेही मी तसंच मोजून-मापून, दरवर्षी थोडं बदलून बघत आले. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: वडी कशात बांधायची हे ऋतू बघून ठरवायचं, चव त्यानंतर.

पहिल्या वर्षी मी घरची गुळाची चिक्की नेली होती. आमच्या गावात चांगल्या गुळाला तोटा नाही, चिक्की घरात खुसखुशीत झाली होती. मसाई पठारावर पोचलो तेव्हा डब्यात तिचा एकच गोळा झाला होता आणि बोटांनी तुकडा तुटेना. कडक पाकातला गूळ काचेसारखा घट्ट असतो. जुलैतली हवेतली ओल तो ओढून घेतो आणि चिघळतो. हीच चिक्की डिसेंबरात कळसूबाईला नेली तर शेवटच्या तुकड्यापर्यंत कुरकुरीत राहते. दोष चिक्कीचा नव्हता, महिना चुकला होता.

तेव्हापासून पावसाळ्यात मी खजूर वापरते. खजूर मुळातच मऊ आणि चिकट, त्याला कुरकुरीत राहायचंच नसतं, म्हणून थोडी ओल लागली तरी वडीचं काही बिघडत नाही. दुसरं म्हणजे ती चावायला जोर लागत नाही. गार वाऱ्यात चिंब भिजून पाच तास चालल्यावर जबडासुद्धा दमलेला असतो आणि भूक कळतच नाही. अशा वेळी कडक, कोरडं काही हातात आलं की माणूस ते खिशातच ठेवतो. मऊ वडी चालता चालता खाल्ली जाते.

आता प्रमाण. बिया काढलेला मऊ काळा खजूर 300 ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे 200 ग्रॅम, तीळ 50, राजगिऱ्याच्या लाह्या 40, किसलेलं सुकं खोबरं 30, तूप 15 ग्रॅम म्हणजे टेबलस्पूनभर, मीठ चहाचा सपाट चमचाभर आणि सुंठपूड अर्धा-पाऊण चमचा. सगळं मिळून साडेसहाशे ग्रॅमच्या थोडं आत. चाळीस ग्रॅमच्या सोळा वड्या होतात आणि एका वडीतून साधारण 170 किलोकॅलरी मिळतात. मीठ वगळू नका. पावसातही चढावर घाम येतोच, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नुसतं गोड अगदी नकोसं होतं. सुंठ मी चवीसाठीच घालते.

दाणे मंद आचेवर भाजा, घाई केली तर वरून काळे आणि आत कच्चे राहतात. भाजायच्या आधी ताटात पसरून निवडा. सुरकुतलेला, काळपट किंवा बुरशीचा वास येणारा दाणा टाकूनच द्यायचा. त्या बुरशीचं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही. सोललेल्या दाण्यांपैकी निम्मे मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. कूट कडांना चिकटायला लागलं, तेल सुटू लागलं की थांबा. हे तेलकट कूट आणि खजूर मिळून वडी धरून ठेवतात. उरलेले दाणे जाडसर भरडा, दाताखाली काहीतरी यायला हवं. तीळ तडतडेपर्यंत भाजायचे, खोबरं नुसतं बदामी होऊ द्यायचं.

खजूर मात्र प्रत्येक उघडून बघा. ‘बिनबियांचा’ असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी बीचा तुकडा राहिलेला मला दोनदा सापडला आहे. पावनखिंडीच्या वाटेवर दात तुटला तर काय करणार? कधी आत किडाही असतो. निवडलेला खजूर बारीक चिरून तुपावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं उलथण्यानं दाबत राहा, म्हणजे त्याचा गोळा होतो. पाणी घालू नका, खजूर भिजवूनही घेऊ नका. ओल आत गेली की वडी आंबण्याची नाहीतर बुरशी धरण्याची भीती असते. मग गॅस बंद करून मीठ, सुंठ, कूट, भरड, तीळ, खोबरं घाला आणि हाताला सोसेल इतकं गरम असताना मळून घ्या. लाह्या सगळ्यात शेवटी, हलक्या हातानं, नाहीतर त्यांचा चुरा होतो.

तूप लावलेल्या ताटात हे ओतून वर बटर पेपर ठेवा आणि वाटीच्या बुडानं जोर लावून दाबा. इथे कंजूषी केली की वड्या सॅकमध्ये मोडतात. बोटाच्या निम्म्या पेराएवढी जाडी पुरे. तासभर गार होऊ द्या, मग कापा. प्रत्येक वडी बटर पेपरात गुंडाळून दोन्ही टोकं पिळायची आणि सगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात. मी निघायच्या तीन-चार दिवस आधी करते. दहा-बारा दिवस त्या चांगल्या राहतात. त्यानंतर दाण्याला खवट वास यायला लागतो.

हिवाळ्यात खजुराऐवजी गूळ चालतो, पण पाक मऊ गोळीचा ठेवा. वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकल्यावर त्याची बोटांत दबणारी गोळी व्हावी. गोळी कट्कन मोडली तर ती चिक्की झाली. चिक्की वाईट नाही, पण तिला चांगले दात आणि सोबत भरपूर पाणी लागतं.

गटातल्या प्रत्येकाला निघायच्या आधी विचारा, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का. असेल तर दाण्याऐवजी डाळं आणि भोपळ्याच्या बिया घ्या, आणि त्या माणसाच्या वड्या वेगळ्या, धुतलेल्या मिक्सरमध्ये करा. आषाढी एकादशी याच दिवसांत येते, तेव्हा उपासाचंही विचारून घेते. काही घरांत तीळ चालत नाहीत, मग तेवढं खोबरं वाढवायचं आणि मीठ सैंधव घ्यायचं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मोहिमेआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. साखर अचानक उतरली तर ही वडी पहिला उपाय नव्हे. तिच्यात दाण्याचं तेल आणि तूप असल्यानं साखर रक्तात सावकाश जाते. अशा वेळी ग्लुकोजची पूडच हवी. तिची पुडी वेगळी ठेवा आणि कुठल्या कप्प्यात आहे ते बरोबरच्या दोघांना तरी सांगून ठेवा. माझ्या दुकानाच्या अनुभवातून मी हे अगदी कळकळीनं सांगते आहे.

करायला वेळ नसेल आणि विकतचा बार घ्यायचा असेल, तर पुढचं चित्र सोडून पाठ वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात, म्हणजे पहिली तीन नावं वाचली की बार कशाचा आहे ते कळतं. शंभर ग्रॅमला चारशेच्या आसपास किंवा जास्त किलोकॅलरी असाव्यात, नाहीतर उगाच वजन वाहाल. भरपूर प्रोटीनचे बार व्यायामशाळेत ठीक, पण चालताना लगेच लागते ती साखर आणि पिष्ट. शिवाय ते बार कोरडे आणि घट्ट असतात. ‘साखर नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या बारमध्ये माल्टिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, आहे का बघा. ते जास्त झालं तर पोट बिघडतं. मोहिमेत माझ्या भाच्यावर ती वेळ आली होती, आणि आंबेवाडीच्या पुढं आडोसा शोधत तो दिवस त्यानं कसाबसा काढला. चॉकलेटचा थर असलेला बार एप्रिल-मेमध्ये घेऊ नका, कागदालाच चिकटून राहतो. आणि घेतलेला बार असो की केलेली वडी, आधी एखाद्या रविवारी जोतिबाचा डोंगर चढताना खाऊन बघा.

किती घ्यायच्या? सकाळी पोटभर नाश्ता, वाटेत वाडीत मिळणारी भाकरी-पिठलं, आणि चालताना दर दीड तासाला एक वडी, भूक लागायची वाट न बघता. आठ तासांच्या चालीला पाच, दोन दिवसांना दहा. वर चार जादा. म्हणजे एका ताटात एका माणसाची सोय होऊन दोन उरतात, त्या करतानाच घरात संपतात. दिवसाच्या पाच कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा. सॅक उतरवून, रेनकव्हर काढून कोणी वडी खात नाही. जादाच्या चार सॅकच्या तळाशी, कपड्यांच्या पिशवीत. पांढरेपाणीला पोचेपर्यंत गटात कोणीतरी गप्प होतं, पाय ओढायला लागतं. माझ्या जादाच्या वड्या बहुतेक तिथंच निघतात. कागद परत पाऊचमध्ये, आणि पुढचा टप्पा.