अमेरिकेतलं हिमवादळ : इशारा आल्यापासून बर्फ उपसेपर्यंत काय काय करायचं

न्यू जर्सीत किंवा शिकागोत वर्षानुवर्षं मुरलेली मराठी मंडळी बर्फाला फारशी भीक घालत नाहीत. गोची होते ती पहिल्याच हिवाळ्यात सापडलेल्यांची, नातवंडांसाठी सहा महिने आलेल्या आई-बाबांची, आणि ‘आमच्याकडे कुठला आलाय बर्फ’ म्हणणाऱ्या टेक्ससवाल्यांची. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये कडाक्याची थंडी पडली, लाखो घरांची वीज गेली, आणि राज्य सरकारच्या मोजणीनुसार २४६ माणसं दगावली. त्यातले बहुतेक थंडीनेच गेले. तेव्हा तुम्ही दक्षिणेत राहत असाल तरी पुढचं वाचाच.

इशारा नीट वाचा

अधिकृत इशारे देते ती नॅशनल वेदर सर्व्हिस. वेदर डॉट गव्ह या संकेतस्थळावर आपला झिप कोड टाकला की आपल्या भागाचा अंदाज दिसतो. वर लाल-गुलाबी पट्टीत इशारा असेल तर त्यावर टिचकी मारून सगळा मजकूर वाचा. बर्फ किती इंच, सुरू कधी, थांबणार कधी, वारा किती, हे सगळं त्यात असतं. टीव्हीवर वादळाला जे नाव देतात ते त्या वाहिनीचं असतं, सरकारी नव्हे. त्यावरून वादळाचा जोर ठरवू नका.

‘वॉच’ नावाचा इशारा लागला म्हणजे वादळाची दाट शक्यता आहे, पण नेमकं कुठे आणि किती हे अजून ठरायचंय. तो साधारण एक-दोन दिवस आधी येतो. खरेदी, पेट्रोल, औषधं, सगळं याच वेळात उरकायचं. वॉर्निंग लागली म्हणजे वादळ येणार हे जवळपास नक्की, किंवा ते आलंच आहे. आता दुकानात जायची वेळ टळली. ॲडव्हायझरी त्याहून सौम्य, म्हणून लोक तिला धूप घालत नाहीत; पण गाडी रस्त्यावर गरकन फिरायला गोठलेल्या पाण्याचा पातळ थरही पुरतो.

किती बर्फाला वॉर्निंग द्यायची हे जागेवर अवलंबून असतं. उत्तरेत सहा-आठ इंच पडणार असेल तेव्हा देतात, तर दक्षिणेत दोन-एक इंचांनाही देतात, कारण तिथे ना बर्फ उपसणाऱ्या गाड्या पुरेशा, ना लोकांना सवय. बफेलोतला मित्र हसतो म्हणून अटलांटातल्या माणसाने गाडी बाहेर काढू नये.

ब्लिझर्ड म्हणजे नुसता खूप बर्फ नव्हे. ताशी ३५ मैल किंवा त्याहून जास्त वारा आणि पाव मैलाच्या आतली दृश्यमानता किमान तीन तास टिकली तर ब्लिझर्ड. आधीच पडलेला बर्फ वाऱ्याने उडूनही ते होऊ शकतं. मला विचाराल तर त्याहून वाईट आईस स्टॉर्म. वरच्या उबदार हवेत वितळलेला बर्फ पाऊस होऊन खाली येतो आणि झाडाला, तारेला, पायरीला लागताच गोठतो. काचेसारखा थर चढतो, फांद्या मोडतात, तारा तुटतात. वीज जाण्याची तयारी ठेवायची ती यात सगळ्यात जास्त.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. टोर्नेडोची वॉर्निंग आली की फोन जसा आपोआप कोकलतो, तसा विंटर स्टॉर्म किंवा ब्लिझर्ड वॉर्निंगला कोकलत नाही. फोनवरच्या सरकारी आपत्कालीन अलार्मच्या यादीत हे इशारे नाहीत. अपवाद स्नो स्क्वॉलचा. अचानक येणारी ही हिमसर अर्ध्या-एक तासात महामार्गावर गाड्यांचा ढीग लावू शकते, म्हणून तिच्या मोठ्या इशाऱ्याला फोन वाजतो. बाकीच्यांसाठी आपल्या काउंटीच्या सूचनासेवेत नाव नोंदवा आणि बॅटरीवर किंवा हँडल फिरवून चालणारा हवामान रेडिओ घेऊन ठेवा.

वॉच लागल्यावर

वीज गेली की इंडक्शन, इन्स्टंट पॉट, मायक्रोवेव्ह सगळं ठप्प. म्हणून चूल न पेटवता खाता येईल असं घरात हवं. आपलं मराठी फडताळ इथे कामी येतं : पोहे, दही, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, लाडू. पाणी माणशी रोज एक गॅलन या हिशेबाने तीन दिवसांचं भरून ठेवा. आई-बाबांच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या किमान आठवडाभराच्या असाव्यात. टॉर्च आणि पॉवर बँक आदल्या रात्रीच तयार ठेवा. मेणबत्त्या टाळा; अंधारात जाड गोधड्या आणि उघडी ज्योत एकत्र नकोत.

नळ विसरू नका, पाणी गोठलं की पाइप फुटतात. बाहेरच्या भिंतीलगतच्या नळाची बारीक धार सोडून ठेवा आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, म्हणजे खोलीतली ऊब पाइपपर्यंत पोचेल. गावाला जात असाल तरी हीटिंग बंद करू नका. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या (सुमारे १३ सेल्सिअस) खाली नेऊ नका. मुख्य पाणी बंद करायची चावी कुठे आहे हे आजच बघून ठेवा. पाइप फुटून छतातून पाणी गळायला लागल्यावर ती शोधत बसणं परवडत नाही.

वीज गेली तर

या भागावर मी जरा जास्त जोर देणार आहे, कारण थंडीतून वाचलेली माणसं इथे जीव गमावतात. गावाकडे खोलीत शेगडी पेटवून हात शेकायची सवय अनेकांना असते. तिथल्या कौलांना, दारांना फटी असतात, तरीही ते धोक्याचंच. इथली घरं तर ऊब बाहेर जाऊ नये म्हणून पॅकबंद केलेली. आत कोळसा पेटवला, बार्बेक्यू आणला किंवा गॅरेजमध्ये जनरेटर चालवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. फ्लू आला असावा असं वाटून माणूस झोपतो आणि उठत नाही.

म्हणून जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब. गॅरेजचं शटर वर केलंय म्हणून चालेल, हा हिशेब चुकीचा. ओव्हन उघडा ठेवून घर गरम करू नका. गॅसचा बर्नर काडीने पेटत असेल तर त्यावर खिडकी किंचित उघडून चहा जरूर करा, पण त्याच्यासमोर बसून शेकू नका. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ हवाच. तो वाजला तर आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं, मग ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन.

वीज असेल आणि स्पेस हीटर लावत असाल तर तो थेट भिंतीतल्या प्लगमध्ये लावा, एक्स्टेन्शनला नाही. पडदे, पांघरुणं तीन फूट लांब. आणि घर थंडच पडत असेल तर सगळ्यांनी एका खोलीत या, दाराखाली टॉवेल लावा. तरी निभेना तर २११ ला फोन करून जवळचं वॉर्मिंग सेंटर (लोकांना उबेत बसता येईल अशी जागा) विचारा. लाजू नका, ती सोय त्यासाठीच असते.

गाडी

डिसेंबर २०२२ मध्ये, ऐन नाताळात, बफेलोत ब्लिझर्ड आलं. अंदाज काही दिवस आधीपासून स्पष्ट होता, तरी लोक निघाले. विमानतळावर चार-पाच दिवसांत सुमारे ५२ इंच बर्फ मोजला गेला, परिसरात चाळीसहून अधिक माणसं गेली. काही जण गाडीतच अडकले होते. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्याही रुतल्यामुळे मदत पोचेना. म्हणजे ‘काही झालंच तर ९११ आहे की’ हे गृहीत धरून निघता येत नाही.

तरीही अडकलातच तर गाडी सोडून चालत सुटू नका. उडत्या बर्फात पन्नास पावलांवरचं घर दिसत नाही. इंजिन तासाला दहाएक मिनिटंच चालवा, आणि त्याआधी दर वेळी उतरून सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढा, नाहीतर तोच कार्बन मोनॉक्साइड गाडीत येतो. वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. अँटेनाला लाल ओढणी बांधा. डिकीत ब्लँकेट, छोटं फावडं, वाळू, टॉर्च, खाऊ आणि चार्जर नोव्हेंबरपासूनच पडलेले असावेत, टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये.

अंगाची काळजी

तापमान शून्य फॅरनहाइट (उणे १८ सेल्सिअस) आणि वारा ताशी १५ मैल असला की उघड्या कातडीला ते उणे १९ फॅरनहाइट (उणे २८ सेल्सिअस) वाटतं, आणि अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. सुती बनियनवर एकच जाड जॅकेट घालण्यापेक्षा लोकरीचे किंवा सिंथेटिक असे दोन-तीन थर बरे. सुती कापड ओलं झालं की ओलंच राहतं. आजी-आजोबांना साडीवर किंवा लेंग्यावर नुसता स्वेटर चालणार नाही, आतून थर्मल हवंच.

बोटं, कान, नाक बधिर होऊन पांढुरकं-पिवळसर दिसू लागलं तर चोळू नका. कोमट पाण्यात ठेवा, कडकडीत नको. माणूस जोरात कुडकुडतोय, बोलणं जड झालंय, असंबद्ध बोलतोय तर हायपोथर्मियाचा संशय घ्या. ताबडतोब ९११, ओले कपडे काढा, आधी छाती, मान, पोट गरम करा. ब्रँडीचा घोट देऊ नका. त्याने ऊब आल्यासारखी वाटते, पण शरीराचं तापमान आणखी उतरतं.

बर्फ थांबल्यावर

घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची (फर्नेसची) धूर काढणारी नळी बऱ्याच घरांत बाहेरच्या भिंतीवर, जमिनीपासून थोड्याच उंचीवर असते. ती बुजली असेल तर आधी तिच्यापुढचा बर्फ काढा, मग वाट.

फावडं मारणं हा जबरदस्त व्यायाम आहे. थंडीत रक्तवाहिन्या आखडलेल्या असताना हृदयविकाराचे झटके येतात ते याच कामात. बाबा ‘मी करतो, तू ऑफिसचं बघ’ म्हणाले तरी फावडं त्यांच्या हातात देऊ नका. स्वतः करताना बर्फ उचलण्याऐवजी ढकला, मध्ये मध्ये थांबा, छातीत दुखलं तर लगेच सोडा.

गाडीची नुसती काच पुसून निघू नका. टपावरचा बर्फ महामार्गावर लादीसारखा उडून मागच्या गाडीवर आदळतो. न्यू जर्सीत तो न काढता गाडी चालवली म्हणून २५ ते ७५ डॉलर दंड होतो, आणि त्या लादीने कुणाला लागलं तर दंडाची रक्कम पुष्कळ वाढते.