तंबूच्या मुक्कामी बिअर दोन दिवस थंड कशी ठेवावी

एप्रिल-मे महिन्यांत पवनेच्या जलाशयाकाठी तंबू ठोकून राहणाऱ्या मंडळींची शनिवारची दुपार बहुधा एकाच प्रकारे जाते. वाटेत एखाद्या दुकानातून बर्फाची पिशवी घेतलेली असते, तिच्यात कोमट बाटल्या खुपसलेल्या असतात, आणि सूर्य मावळेपर्यंत पेटीत बर्फाऐवजी पाणी उरते. माझ्याही पहिल्या दोन-तीन सहली अशाच गेल्या. त्यानंतर मी बर्फाचा हिशेब मांडू लागलो, आणि या कामाचा मोठा भाग घर सोडण्याआधीच उरकायचा असतो हे ध्यानात आले.

कोणतीही पेटी, मग ती थर्माकोलची असो वा महागडी, स्वतः थंडावा निर्माण करीत नाही. घरून नेलेला थंडावा ती फक्त राखते. म्हणून घरून किती थंडावा न्यायचा आणि वाटेत तो कुठे वाया जातो, हे आधी समजून घ्यावे.

एक किलो बर्फ पूर्ण वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. ३३० मिलिलिटरचे चोवीस कॅन म्हणजे जवळजवळ आठ लिटर बिअर. दुकानातून आणलेली ३५ अंशांची ही बिअर ५ अंशांवर आणायची, तर सुमारे २४० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते, म्हणजेच तीन किलो बर्फ केवळ तेवढ्यासाठी खर्ची पडतो. दुकानातल्या पिशवीत जेमतेम तेवढाच बर्फ असतो. हेच कॅन घरच्या फ्रिजमध्ये आधी थंड केले, तर ते तीन किलो वाचतात आणि सगळा बर्फ थंडावा राखण्याच्या कामी येतो.

शनिवारी सकाळी निघायचे असेल, तर कॅन गुरुवारी रात्रीच फ्रिजमध्ये ठेवावेत. चोवीस कॅन एकदम आत गेले की घरगुती फ्रिजला ते थंड करायला पुरता एक दिवस लागतो, आणि उन्हाळ्यात, दार सतत उघडत असल्यास, त्याहूनही अधिक. घाई झाली म्हणून ते फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नयेत. साधी बिअर उणे दोन-तीन अंशांच्या आसपास गोठू लागते आणि गोठताना फुगते. एकदा रात्री फ्रीझरमध्ये विसरलेली बाटली सकाळी तळापासून तडकलेली सापडली आणि मटाराच्या पिशवीतून काचा वेचण्यात निघण्याचा तास गेला.

बाटल्यांपेक्षा कॅन घ्यावेत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ते हलके असतात, लवकर गार होतात आणि त्यांच्या आत उजेड शिरत नाही. उजेडाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्समधील घटकांवर ऊन पडले की एक उग्र, कुबट वास तयार होतो. तपकिरी काच तो बऱ्याच अंशी रोखते, हिरवी काच फारच कमी. शिवाय जलाशयाकाठी फुटलेली काच कुणी कितीही वेचली तरी थोडी मागे राहतेच, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गवतावर गावातली गुरे चरायला येतात.

आता बर्फाचे पाहू. चुरा बर्फ पटकन थंड करतो आणि पटकन संपतो, लादीचा बर्फ सावकाश वितळतो, कारण वजनाच्या मानाने त्याचा उघडा पृष्ठभाग कमी असतो. आपल्याला दोन्ही लागतात. लादीची जागा घरच्या घरी भरून काढता येते. एक लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या नऊ दशांशापर्यंत पिण्याच्या पाण्याने भराव्यात आणि दीड दिवस फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, म्हणून वरची जागा सोडायची. या बाटल्यांचा दुहेरी लाभ असा, की वितळलेले पाणी पेटीत सांडत नाही आणि दुसऱ्या दिवशी तेच गार पाणी प्यायला मिळते. उरलेला बर्फ कारखान्यातून किंवा मासळी बाजाराजवळून फोडून घ्यावा. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. असा बर्फ पेटीत कॅनभोवती चालतो, पण तो पेल्यात कधीही टाकू नये, आणि त्यात बुडालेल्या कॅनचे तोंड स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून मगच उघडावे.

किती बर्फ घ्यावा, हे पेटीच्या भिंतीवर अवलंबून असते. तीस लिटरच्या थर्माकोलच्या पेटीची भिंत अडीच सेंटिमीटर जाड असेल आणि बाहेर तीस अंश तापमान असेल, तर भिंतींतून शिरणारी उष्णताच दिवसाला सहा किलोंच्या आसपास बर्फ वितळवते. भिंत दुप्पट जाड असल्यास हा खर्च निम्मा होतो. म्हणून पातळ भिंतीच्या पेटीत एका रात्रीच्या मुक्कामाला आठ किलो बर्फ धरावा, आणि शक्य असल्यास पेटीला बाहेरून जुनी गोधडी किंवा योगासनाची चटई घट्ट गुंडाळावी. ही युक्ती साधी वाटली तरी तिचा इतिहास मोठा आहे. १८३३ साली बोस्टनहून कलकत्त्याला बर्फ घेऊन निघालेल्या जहाजावर तो भुशात बांधला होता, आणि चार महिन्यांचा उष्ण कटिबंधातला प्रवास करूनही सुमारे १८० टनांपैकी १०० टनांच्या आसपास बर्फ हुगळीवर पोहोचला. भुशाने अडवून धरलेली हवा जे काम करीत होती, तेच काम गोधडीच्या थरांतली हवा करते.

भरण्याच्या आदल्या रात्री पेटीही थंड करावी. थोडासा बर्फ आत टाकून झाकण लावून ठेवले की सकाळी आतल्या भिंती गार झालेल्या असतात. तो बर्फ वितळला तरी हळहळू नये, त्याचे काम झालेले असते. सकाळी पाणी ओतून टाकावे, तळाशी गोठवलेल्या बाटल्या आडव्या मांडाव्यात, त्यांवर फ्रिजमधून थेट काढलेले कॅन रचावेत आणि चुरा बर्फ वरून ओतून पेटी हलवत हलवत फटी भरून काढाव्यात. गार हवा खाली बसते, म्हणून काही बर्फ सर्वांत वर राहिलाच पाहिजे. शेवटी झाकणाखाली ओला करून पिळलेला पंचा दुमडून अंथरावा. त्याने झाकण आणि बर्फ यांमधली मोकळी जागा भरते आणि झाकण उघडताना आत शिरणारी गरम हवा थेट बर्फावर जात नाही.

खाण्याचे पदार्थ या पेटीत ठेवू नयेत. चिकन, पनीर, दही यांसाठी दुसरी पेटी असावी. बिअरची पेटी दिवसभर उघडझाप होणारी असते, आणि मांस दर वेळी थोडे थोडे तापत राहिले तर पोटाचा विकार ठरलेलाच.

प्रवासात पेटी डिकीत न ठेवता मागच्या आसनाजवळ, एसीच्या वाऱ्यात ठेवावी, कारण उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते. मुक्कामावर पोहोचल्यावर सावली निवडताना आताची सावली पाहू नये, दुपारी तीनची पाहावी. सूर्य पश्चिमेला कलतो तेव्हा झाडाची सावली पूर्वेकडे सरकते, म्हणून पेटी झाडाच्या पूर्वेला, दोन दगडांवर टेकवून ठेवावी, म्हणजे तापलेल्या जमिनीची धग तळाला लागत नाही. तंबूच्या आत ती ठेवू नये, उन्हात तंबूत बाहेरपेक्षा अधिक उकडते.

झाकण जितके कमी वेळा उघडाल, तितके बरे. चौघांसाठी चार कॅन एकदम काढावेत आणि झाकण लगेच लावावे. वितळलेले पाणी ओतून टाकण्याची घाई करू नये. त्यात बर्फ तरंगत आहे तोवर ते शून्य अंशाच्या जवळ असते आणि कॅनला सर्व बाजूंनी बिलगून राहते, बर्फाचे खडे मात्र ठिकठिकाणी फक्त टेकतात. नवा बर्फ घालायचा असेल तेव्हाच जुने पाणी काढावे.

हातात आलेला कॅन कोकणाच्या दमट हवेत इतक्या लवकर का तापतो, याचे उत्तर त्याच्यावर दाटणाऱ्या थेंबांत आहे. वाफेचे पाणी होताना ती उष्णता सोडते. ३३० मिलिलिटरच्या कॅनवर अवघे तीन ग्रॅम पाणी साचले, तरी आतली बिअर सुमारे पाच अंशांनी तापू शकते. तेवढे पाणी म्हणजे कॅनभर पसरलेला, दशांश मिलिमीटर जाडीचा पातळ थर. म्हणून कॅनभोवती फोमचे वेष्टन किंवा जाड मोजा चढवावा, ते जमत नसेल तर अर्धा पेला ओतून उरलेला कॅन पुन्हा बर्फात खोचावा.

बर्फ मिळालाच नाही, तर ओले गोणपाट काही अंशी उपयोगी पडते, पण ठिकाण पाहून. विदर्भात किंवा नगर-सोलापूरकडे हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळून वाऱ्यावर टांगलेली वस्तू, माठातल्या पाण्यासारखी, २१ अंशांपर्यंत उतरू शकते. कोकण किनाऱ्यावर ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत तीच वस्तू २८ अंशांच्या खाली येत नाही. जलाशयाचे पाणीही मे महिन्यात वरच्या थरात कोमटच असते, त्यामुळे जाळीच्या पिशवीत कॅन बुडवून फारसे काही साधत नाही. आणि पिशवी सोडवण्यासाठी अंधारात, विशेषतः बिअर घेतल्यावर, कुणीही पाण्यात उतरू नये, ही विनंती मी प्रत्येक सहलीत करतो.

थोडा बर्फ आणि गरम कॅन असा प्रसंग असेल, तर पॉट आइस्क्रीमची पद्धत वापरावी. बादलीत बर्फ, थोडे पाणी आणि दोन-तीन मुठी खडे मीठ घालून कॅन त्यात बुडवावेत आणि हाताने गोल फिरवत राहावे. मिठाने मिश्रणाचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. दहा मिनिटांत कॅन प्यायजोगा होतो, मात्र तो आत विसरू नये, नाहीतर गोठतो. खारे पाणी झाडांच्या मुळाशी ओतू नये.

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि मद्यसेवनाचा परवाना लागतो, तो सोबत ठेवावा. गड-किल्ल्यांवर आणि अभयारण्यांत मद्य नेऊच नये, त्यामुळे लोहगड किंवा तिकोना चढण्याचा बेत असेल तर पेटी मुक्कामीच राहावी. गाडी चालवणाऱ्याच्या वाट्याचा कॅन घरी पोहोचल्यावरचा.

परत आल्यावर रिकामे कॅन चेपून भंगारवाल्याकडे द्यावेत. पेटी साबणाने धुऊन, लिंबाची फोड आतून फिरवून, झाकण उघडे ठेवून दोन दिवस सावलीत वाळवावी. ओली पेटी मिटून ठेवली तर पुढच्या सहलीला तिला बुरशीचा वास येतो, आणि थर्माकोलमध्ये मुरलेला तो वास सहसा जात नाही.